लेकीच्या हळदीचं शूटिंग

काल सकाळी मी अंगण झाडून हंड्यात पाणी भरत होते. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "पोरीच्या हळदीचं शूटिंग तूच कर गं. तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई."

मैत्रिणींनो, मला बरं वाटलं. आमचे हे गेले तेव्हा त्यांचा आवाज कुठंच उरला नव्हता. म्हणून भोरच्या दुकानात हा मुठीत मावणारा एचडी कॅमकॉर्डर घेताना मी चित्राआधी आवाज तपासला होता.

बायकांनी माझ्या लेकीला हळद लावली. मी शूटिंग करत राहिले.

संध्याकाळी पाहिलं, तर त्यात जाऊबाईंची कुजबुज स्पष्ट ऐकू आली. "कॅमेरा हातात दिला म्हणून बरं. न्हाईतर ही विधवा पोरीला हळद लावाय पुढं आली असती."

आज सकाळी सगळे पाहुणे पोहे खायला बसले, तेव्हा मी कॅमेरा टीव्हीला जोडला आणि आवाज मोठा केला.