ओवी ‘नऊ’ म्हणेना

आज पहिलीच्या मुलांना घेऊन म्हापशाच्या बाजारात गेले होते.

मुलांना नंबर दिले होते. परतताना बस सुटण्याआधी प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, मी अर्ध्या कानाने ऐकत होते. सात झाले आणि सगळे गप्प. आठ हॉर्नमध्ये बुडाला असेल असं वाटून माझं लक्ष ओवीकडे गेलं. तिचा नंबर नऊ.

मी खेकसले, "ओवी, नऊ म्हण गो लवकर!"

ती रडवेली झाली. "टीचर, आठ खंय? आठ ना जाल्यार हांव नव कशें म्हणूं?"

आठ कुठेच नाही, तर ती नऊ कसं म्हणणार? आठ म्हणजे तन्मय. तो बसमध्ये नव्हताच.

शुक्रवारच्या आठवडी बाजाराच्या गर्दीत हाका मारत धावत सुटले. तन्मय मडक्यांच्या दुकानापुढे उकिडवा बसून मातीच्या बैलाशी बोलत होता. त्याला उचललं ते बसमध्ये शिरेपर्यंत खाली सोडलं नाही.

पेडण्याला शाळेत आलो, तर फळ्यावर सकाळचं गणित तसंच होतं: सहा, सात, रिकामी चौकट, नऊ.

ती मुलांनी भरायची असते. पण मीच खडू घेऊन आठ लिहिला. मला ती रिकामी बघवेना.

तुम्हाला बघवली असती?