रोहित न आलेली सकाळ

बायकोला रोहित पक्षी दाखवायचेच, असा मी चंग बांधला होता. खटाव तालुक्यातल्या शाळेत शिकवायला लागल्यापासून हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार मी गावच्या तलावावर काढला. तलाव तसा उथळ. दिवाळी सरली की गुडघाभर पाणी आणि बाकी नुसता चिखल. तोच चिखल चाळायला रोहित यायचे. लांबलचक पाय, वाकडी चोच, आणि उडाले की पंखांतून असा गुलाबी रंग उघडायचा की मी टिपणं काढायचं विसरायचो. घरी येऊन मी रंगवून सांगायला लागलो की बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "ती पाखरं कुठनं कुठनं येत्यात, आन तुमाला कोपऱ्यावरनं दूध आणायला जमत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात ती एकदाची तयार झाली. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि उजाडताच आम्ही गाडीवरून निघालो. वाटेत मी सूचना सुरू केल्या: मोठ्यानं बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत.

"आवं, लग्नातबी एवढं गप बसवलं नव्हतं मला," ती म्हणाली.

तलाव दिसला आणि माझं तोंडच उतरलं. उपसा योजनेचं पाणी सोडलंय हे कानावर आलं होतं, पण निवडणुकीच्या कामामुळे दोन महिने मी तिकडे फिरकलोच नव्हतो. कडेला थोडा तरी चिखल उरला असेल अशी आशा होती. आता भरावापर्यंत पाणीच पाणी. चार टिबुकल्या बुड्या मारत होत्या, रोहित एकही नाही. दुर्बीण इकडून तिकडे फिरवत मी चिडून म्हणालो, "वाटोळं केलं सगळ्याचं! एवढं पाणी सोडायला कुणी सांगितलं होतं?"

मी मागे वळलो. पाहतो तर ती चपला काढून, साडी वर धरून पाण्यात उभी. तिचं माहेर दुष्काळी माणमधलं. टँकर आला की वही-पुस्तक टाकून हंडा घेऊन पळायचं, असं तिचं सगळं लहानपण गेलेलं. हे ठाऊक असूनही मी तिच्यासमोर पाण्यावर डाफरत होतो. मला फार लाज वाटली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पाणी आटलं तर येतील का वं ती परत?"

"येतील की."

"मग ऱ्हाऊ द्या. नगं यायला."

मी दुर्बीण गळ्यातून काढून गाडीला अडकवली. "नगं यायला," मीही म्हणालो, आणि पँट दुमडून तिच्याशेजारी पाण्यात उतरलो.