दुपट्याला धरलेलं मीठ

या पानावरचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचले. आंब्याची फांदी हलली की लोकांना भूत दिसतं. मी ब्लाउज शिवणारी बाई, लग्न न केलेली, देवळात सणापुरती जाणारी. तेव्हा धीर द्यायला किंवा उपाय सुचवायला कुणी येऊ नये. मला एकाच माणसाला सांगायचंय... माझ्या भावजयीला, प्राचीला. ती हे पान वाचते. तोंडावर सांगायची हिंमत नाही.

आमचं गाव उरणकडचं, खाडीकाठी. बाबांचं आयुष्य मिठागरात गेलं. आता तिथे भराव आहे आणि माझा भाऊ त्याच भरावावरून कंटेनरचा ट्रेलर चालवतो.

प्राची सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी ओंजळीत मावेल एवढी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. पनवेलच्या एका हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिची त्वचा अजून तयार नाही. अंगातलं पाणी सरळ हवेत उडून जातं, म्हणून आतली हवा ओलसर ठेवलीय." काचेला आतून दव धरलेलं असायचं. उघड्यावरचं पाणी कसं उडतं, हे आमच्या घराला शिकवायला नको होतं.

हॉस्पिटलने घरून जुनं, मऊ, धुतलेलं सुती कापड मागवलं. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं घरातल्या थोराच्या जुन्या कापडाचं शिवतात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं मिठागरावरचं धोतर ट्रंकेत होतं, तेच मी काढलं.

प्राची नको म्हणाली. "ताई, माझ्या आईची साडी आणलीय ना. खारातलं कापड कशाला तिला?"

"तुझ्या आईच्या साडीत आमच्या घराचं काय आहे?" मी म्हटलं. दुपटं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने मला बोलावलं. "मावशी, हे काय मिठात बुडवून आणलंत?"

दुपटं पापडासारखं कडक झालं होतं, कडेने पांढरा खार. पेटीची काच कोरडी ठणठणीत. सिस्टर वैतागलेली — "सकाळपासून पेटीच्या टाकीत पाणी भरतेय, टिकतच नाही. पेटी बदलली तरी तेच." पोरीचं वजन उतरलं होतं. दोनदा धुतलेलं कापड ते! मी कड जिभेला लावली. खारट, आणि मागून कडवट... खाडीचं मीठ.

आता जे लिहिते ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजकंच द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबा दिवसभर हाका मारायचे, "मना पानी दे गो पोरी. मीठ पिकवनाऱ्याला पानी नाय?" न देण्यात माझा गुन्हा नव्हता. पण एका दुपारी मी चिडले. त्यांच्यासमोर उभी राहून गार पाण्याचा पेला गटागटा प्यायले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "आता माग."

खोलीत आम्ही दोघंच. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "तुझे हातचा पानी कुनाला पुरनार नाय." त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी पाणी मागितलं नाही.

दुपटं मी घरी आणून बादलीत भिजत टाकलं. थोड्या वेळाने भावाचा फोन — "ताई, कापड बदललं तरी काच कोरडीच. वजन अजून उतरतंय." बादलीकडे बघते तर रिकामी, आत पांढरी रेघ. पुन्हा भरली, पुन्हा आटली. गळकी नव्हती.

मी हात जोडले. "बाबा, चुकलं माझं." काही नाही. पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. मग माझा संताप झाला. ओरडलेच — "माझ्याशी वैर आहे ना? मग तिला सोड! माझ्या हातचं पाणी मी तिला कधी पाजणार नाही!"

पाणी थांबलं. तेवढ्यात फोन वाजला. भाऊ रडत होता. "ताई, काचेवर दव धरलं गं."

पोरगी जगली. आता घरभर धावते. तिने पाणी मागितलं की मी उठून जाते. प्राची परवाच बोलली, "पोटची नाही म्हणून घोटभर पाणीही जड जातं का हो ताई?" प्राची, हे कारण. तुझ्या आईची साडी मी नाकारली, तेही माझंच चुकलं.

पेटीचं मशीन बिघडलं असेल, बादलीला चीर असेल, म्हणा. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण काल दुपारी मी शिलाई मशीनवर बसले असताना पोरगी पेला घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहून गटागटा प्यायली. तोंड पुसलं. माझ्याकडे बघत राहिली.

"आता माग."

तिला हे कुणी शिकवलं? त्या दुपारी खोलीत बाबा आणि मी, दोघंच होतो. घशाला कोरड पडली होती.

मी मागितलं नाही.