बाद झाल्यावर पळायचं

बहरैनच्या विमानतळावर माझ्या धाकट्या भावानं, सुनीलनं, हातातली बॅग घेतली आणि घरी नव्हे, थेट मॅचला जायचंय असं जाहीर केलं. तीही बेसबॉलची. साताऱ्याहून निघून मी इथवर आलेले, अंगात त्राण नव्हतं. माझा पारा तिथंच चढला. पण कांबळ्यांच्या नीलेशची मॅच आहे म्हटल्यावर गाडीत बसले.

कांबळे सुनीलचे जुने मित्र, अस्करकडच्या एका कारखान्यात टेक्निशियन. त्यांचा नीलेश हमद टाउनच्या रेताड मैदानांवर क्रिकेट खेळत वाढला. आखातातल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघानं त्याला चाचणीपुरतं घेतलं होतं. आज चमकला तर करार, नाहीतर नारळ.

हमद टाउनमध्ये पत्ता गोल चौकाच्या नंबरावर सांगतात. सुनील एकेका चौकाला दोनदा प्रदक्षिणा घालत होता आणि वाट चुकलोय हे काही कबूल करत नव्हता. मैदानाबाहेर करक (दुधाचा कडक चहा) आणि गरम खुबूस (भट्टीतली रोटी) मिळाली, म्हणून माझ्या बोलण्यातून वाचला.

ऊन कललं होतं. आमच्या बाजूला बरीचशी मराठी मंडळी होती. बेसबॉल फारसा कुणालाच कळत नव्हता, पण पंचाची अक्कल काढण्यात कुणी मागे नव्हतं. नीलेशनं एक चेंडू नाजूकपणे मागे सरकवला तेव्हा आम्ही चौकार समजून उभे राहिलो. पंचानं तो फाउल ठरवून वर नीलेशच्याच तीन संधींतली एक कापली. हा कसला न्याय, म्हणून मीही ओरडले. सुनीलची लेक रिया इथल्याच कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आत्या, दॅट्स द रूल. सिट डाउन, प्लीज."

शेवटच्या डावात आपण एका धावेनं मागे होतो. आपला एक खेळाडू तिसऱ्या बेसवर पोचलेला, आणि नीलेश बाद झाला की सामना संपणार. तिसऱ्यांदा त्याचा फटका हुकला, म्हणजे बादच. मात्र चेंडू त्याच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातून निसटून मागच्या जाळीकडे घरंगळला. नीलेशनं बॅट काखेत मारली आणि मान खाली घालून तो चालू लागला. त्याचे सोबती 'रन, रन' म्हणून ओरडत होते, रियाही ओरडत होती. कॅचरनं सावकाश चेंडू आणून पहिल्या बेसकडे फेकला आणि सगळं आटोपलं.

तिसरा फटका हुकला तरी कॅचरनं चेंडू सोडला तर पहिल्या बेसकडे पळता येतं, असं रियानं समजावलं. तो वेळेत पोचला असता तर तिसऱ्या बेसवरच्याची बरोबरीची धाव धरली गेली असती. झालं, इतका वेळ पंचावर तुटून पडलेली मंडळी नीलेशवर घसरली. माझ्या शेजारी पुण्याचे एक बँकर होते.

"खलास (संपलं)," ते म्हणाले. "एवढा साधा नियम माहीत नाही आणि म्हणे प्रोफेशनल."

"तुम्हाला होता का माहीत?" मी विचारलं.

"आम्ही कुठं खेळतोय?"

पुढच्याच रांगेत कांबळे बसले होते. ते मागे वळले. "मीच शिकवलंय त्याला," ते शांतपणे म्हणाले. "आउट झालास की पंचाच्या बोटाची वाट बघायची नाही. सरळ निघायचं." त्यावर बँकर मोबाइल बघू लागले.

संघानं त्याच संध्याकाळी नीलेशला नारळ दिला. मी परत निघाले त्या दिवशी तो सनाबिसला, सुनीलच्या घरी, खजुराचा डबा घेऊन आला. कारखान्यातल्या शिफ्टसाठी वडिलांनी शब्द टाकला होता. मला राहवेना. खरंच नियम माहीत नव्हता का, असं मी विचारलं.

"पाठ होता, आत्या," तो म्हणाला. "पण आउट झाल्यावर पळायची लाज वाटली."

साताऱ्यात हे ज्याला सांगते, तो आधी हसतो आणि मग नीलेशला खुळ्यात काढतो. क्रिकेटमध्ये पोरगा पंचानं बोट वर करायच्या आत निघाला, तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारणारे हेच लोक. त्या थापेपायी नीलेशचा करार गेला, आणि हसणारेही आपणच. आता मी हसणाऱ्याला चहासुद्धा विचारत नाही.