दाराखालून आत आलेला पाइप

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ठीक आहे, पण माहेरी आईच नसेल तर? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. सासूबाईंनी विचारला, मावशीने विचारला, नवऱ्यानेसुद्धा हळूच विचारला. माझं उत्तर एकच, आई नाही पण आईचं घर तर आहे ना! मतलब घर कसलं, जयपूरचं रेल्वे क्वार्टर ते, आपलं कधीच नव्हतं. पण मी तिथे वाढले, आणि आई शेवटी हॉस्पिटलमधून घरी आली ती तिथल्याच मागच्या खोलीत वारली. बाबा पावसाळ्यानंतर रिटायर होणार, क्वार्टर सोडून वर्ध्याला जाणार. म्हणजे आईच्या खोलीत माझं बाळ यायचं असेल तर हा एकच चान्स होता. मला तेवढंच हवं होतं. बाकी काहीच नको.

आणि पाण्यात हवं होतं. व्हिडिओ बघून बघून ते डोक्यात बसलं होतं, मोठ्ठा टब, कोमट पाणी, बाई शांत बसलेली, कुणी ओरडत नाही, मशीन वाजत नाही. आईच्या वेळचे ते मशीनचे आवाज अजून माझ्या कानात होते.

बाबा म्हणाले, "पाण्यात तं म्हशी बसतात बाई. बाळंतीण कायले बसते?"

"बाबा, तुम्हाला नाही कळणार."

"मले नाही कळत, तुले तरी कळते का? तुझं पण पहिलंच आहे."

पण दुसऱ्याच दिवशी ते टब कुठे मिळतो ते विचारत होते. बाबा असेच. रेल्वेत सिग्नलला होते, कुठलंही काम आधी करून बघायचं, मगच खरं. मालवीय नगरच्या एक सिस्टर मिळाल्या, घरी बाळंतपण करण्याचं ट्रेनिंग घेतलेल्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, बाळाचे ठोके जरा जरी बिघडले तरी टबातून उठायचं आणि हॉस्पिटल, त्यावर बहस नाही. मी हो हो म्हटलं.

मार्चमध्ये आम्ही रिहर्सल केली. टब मागच्या खोलीत, नळ बाथरूममध्ये, म्हणून बाथरूममधून लांब पाइप आणून दाराखालच्या फटीतून आत सोडला. दार बंद. कारण त्या वेळी बाबा आत येणार नव्हते, हे कुणी बोललंसुद्धा नाही, पोरीच्या बाळंतपणाच्या खोलीत बाप कसा येईल? ते बाथरूमपाशी उभे राहणार. सिस्टर आतून "अंकलजी, पानी" म्हणणार की बाबा गीझरचा नळ सोडणार, कारण टबातलं पाणी गार होत जातं. नवरा त्या दिवशी माझ्या जागी टबात बसला आणि खोटं खोटं कण्हला. आम्ही इतके हसलो! आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा.

पण बाळ जूनमध्ये आलं.

जयपूरच्या जूनमध्ये गीझर कोण लावतं? गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते, दुपारी नळाखाली हात धरवत नाही. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. आदल्या रात्रीपासून त्यांनी घरातले सगळे हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला होता. सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच निवलेल्या पाण्याने टब भरला, सिस्टरनी थर्मामीटर टाकला, "बढ़िया है." मी आत उतरले आणि खरंच सांगते, अर्धं दुखणं गेलं.

दुपार झाली. हंडे संपले होते. नवरा माझ्या पाठीमागे बसून कंबर चोळत होता, सिस्टर ठोके ऐकत होत्या. मी सरकले की पोट पाण्याबाहेर यायचं, म्हणून त्या म्हणाल्या, "अंकलजी, थोड़ा पानी." आणि बाहेर बाबांनी नळ सोडला, अगदी ठरल्यासारखा.

मला इतकं बरं वाटलं ते गरम पाणी. कंबरेवरून सरसर. बाबा दाराआडून विचारत होते, "पुरे का?" मी म्हणत होते, "अजून, बाबा." त्यांना थर्मामीटर दिसत नव्हता, दिसणार कसा. त्यांना फक्त माझा आवाज येत होता, आणि तो पहिल्यांदाच कमी दुखल्यासारखा येत होता.

सिस्टरचा चेहरा बदलला. पुन्हा ऐकलं. मग थर्मामीटर उचलला आणि जोरात ओरडल्या, "बंद कीजिए! बर्फ है क्या घर में?"

बाहेर काहीतरी आपटलं. बाबा स्कूटर घेऊन बर्फाला गेले.

मला टबातून काढलं, ओल्या चादरी, पंखा, डाव्या कुशीवर. बाळाचे ठोके फार वाढले होते, ते खाली येईनात. सिस्टर म्हणाल्या, "अब चलना है." मी म्हटलं, थोडा वेळ, प्लीज, याच खोलीत. नवरा एवढंच म्हणाला, "नाही गं." गाडी फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा समोरून बाबा येत होते, पायाशी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, पाणी गळतंय. त्यांनी स्कूटर थांबवली. आम्ही थांबलो नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं, पुन्हा तेच मशीनचे आवाज. मग ती बरी झाली, एकदम बरी. डॉक्टर म्हणाल्या, गरम पाण्यामुळे असेल, तुम्हाला आतून ताप असेल, इन्फेक्शन असेल, नक्की सांगता येत नाही. मी हे बाबांना शब्दाला शब्द सांगितलं. ते म्हणाले, "हो का." टब कधी काढला, कुणाला दिला, विचारलं तर विषय बदलला. डिंकाचे लाडू मात्र स्वतः वळले, आईसारखे नाही झाले.

नातीला ते लांबून बघायचे. हाक मारायचे, खुळखुळा वाजवायचे. घ्यायचे नाहीत. मी मांडीवर द्यायला गेले की फोन यायचा, गॅसवर काहीतरी असायचं.

क्वार्टर सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं. मी तिला घेऊन मागच्या खोलीत गेले. आईचा पलंग जिथे असायचा तिथे दुपटं अंथरून तिला ठेवलं आणि शेजारी बसले. वाटलं, काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही. रिकामी खोली, भिंतीला कॅलेंडरचा खिळा. ती रडायला लागली आणि रिकाम्या खोलीत ते रडणं फार मोठं ऐकू आलं.

बाबा दारात आले, उंबऱ्यावर थांबले.

"घे तिले. फरशी तापली असन."

"तुम्ही घ्या ना, बाबा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, बघितले, मागे घेतले. "धूळ लागली आहे," म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला हाक मारत खाली गेले.