पहिल्या किमोला, देऊळघाटमार्गे

उंद्रीहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, रिपोर्टांची फाइल आणि एक शाल, एवढंच होतं. याआधी मी मंडळींबरोबर काश्मीर केलं, केरळ केलं, आणि परत आल्यावर ओळखीपाळखीच्यांना कंटाळा येईस्तोवर त्यावर लिहिलं. त्यामुळे घरात सगळ्यांचा समज असा, की हिला प्रवासाचं काय भ्या! या वेळचा प्रवास चिखलीवरून बुलढाण्यापर्यंतचा. एरवी आम्ही साडीला फॉल-पिको करायलाही जातो तिथे. पण इतकी मी कधीच भ्याले नव्हते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जखम भरली होती आणि उद्या पहिला किमो होता.

यजमान इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मीच नको म्हटलं. ऑपरेशनच्या वेळी त्यांना घेरी आली आणि निम्मा स्टाफ मला सोडून त्यांना वारा घालत बसला. शिवाय माझी सोय झाली होती. दवाखान्यातल्या सिस्टरने एका बाईचा फोन दिला होता. या आजारातून बाहेर पडलेल्या काही जणी बुलढाण्याच्या आसपास आहेत. नवी बाई आली की तिच्या पहिल्या किमोला त्यांच्यापैकी एक जण सोबत बसते. बाहेरगावची असली तर आदल्या दिवशीच आपल्या घरी बोलावून घेते. माझ्या वाट्याला देऊळघाटच्या शमीमआपा आल्या होत्या.

पायरी उतरणार तोच सासूबाईंनी हात धरला. त्यांचं माहेर लोणारचं. सरोवराकाठच्या देवीवर त्यांची फार श्रद्धा.

"म्या देवीले शब्द देला हाय. पहिल्या सुईच्या दिवशी तू निरंकार (पाण्याचा थेंबही न घेता करायचा उपास) धरशीन. घरी दिवा लागला का सोडजो."

सिस्टरने हलकं खाऊन या म्हणून बजावलं होतं. पण मी हो म्हणाले. त्या वेळी मला कोणी उलटं चालत जा म्हटलं असतं, तरी मी गेले असते.

चिखलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू होता. तुरी कापून झाल्या होत्या. थंडी होती, तरी मी खिडकी उघडी ठेवली. चिखलीच्या स्टँडवर बुलढाण्याची गाडी लागलेली होती आणि शेजारीच खामगावची, म्हणजे उंद्रीवरून परत जाणारी. मी शांतपणे जाऊन खामगावच्या गाडीत बसले. चुकून नव्हे. विचार असा, की घरी जाऊन सांगावं, डॉक्टर नव्हते, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पुढच्या आठवड्यात आणखी काही सुचलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, मी शमीम. कुठवर आल्या?"

"चिखलीत हाओ."

"बसल्या का गाडीत?"

"हाव, बसली."

"कोनत्या?"

मी खिडकीतून शेजारच्या बुलढाण्याच्या गाडीकडे पाहिलं. पलीकडून हसू आलं. "उतरा बरं. मीबी तं स्टँडवरून वापस गेल्ती एकडाव. खिचडी टाकून राह्यली मी, थंडी होईन."

खिचडीसाठी मी उतरले म्हटलं तर खोटं होईल. पण माझी चोरी कुणाला तरी आधीच ठाऊक आहे म्हटल्यावर मला जरा हलकं वाटलं, एवढं खरं.

बुलढाण्याला पोचले तोवर ऊन कलायला लागलं होतं. तिथून देऊळघाटच्या काळीपिवळी जीपमध्ये मला कोंबून घेतलं. डाव्या बाजूला धक्का लागू नये म्हणून मी हात आडवा धरून बसले होते. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "हात मोडला का बाई?" मी हो म्हटलं. उतरेपर्यंत त्यांनी हाडावर कोणता पाला बांधायचा ते सांगितलं.

शमीमआपांचं घर मशिदीमागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेले ब्लाउज आणि कापडाच्या कतरणांचा ढीग. बाई माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, तोंडात सतत सुपारी. मला वाटलं होतं आधी गळ्यात पडतील, धीर देतील. त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, "हा ब्लाउज उद्या नाई चालत. बाही वर सरकनार नाई, सुई कुठं लावतीन ते?"

आणि मी चहा पीत असतानाच माझ्या दुसऱ्या ब्लाउजची उजवी बाही उसवून, तुकडा जोडून, सैल करून दिली. डाव्या बाजूला आतून कापसाची मऊ गादीही शिवली. मी पाहतच राहिले, तर म्हणाल्या, "काऊन? मलेबी तं लागते."

जेवायला खरंच मुगाची खिचडी होती, बिनतिखटाची. वऱ्हाडात पाहुण्याला बिनतिखटाची खिचडी! मी तसं बोलूनही दाखवलं.

"तिखट खाऊन जाल अन् उद्या ओकाल, मंग मलेच नावं ठेवाल," आपा म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. केस कधी गळायला लागतात, तोंड येतं तेव्हा काय खायचं. "एक औषध लाल असते. लघवी लाल झाली तं घाबरू नका. मी रक्त समजून अख्खी गल्ली गोळा केल्ती." मी खूप हसले. हसता हसता रडले, आणि म्हणाले, "आपा, मले नाई जायचं उद्या." त्यांनी रजई झाडली. म्हणाल्या, "कोनालेच नाई जायचं राहत, ताई."

सकाळी खरी पंचाईत झाली. आपांनी मऊ भात आणि मुगाचं वरण समोर ठेवलं. मी म्हटलं, भूक नाही. त्यांनी दूध आणलं. मी म्हटलं, नको. पाणीही बाजूला सारलं, तशी त्या समोर येऊन बसल्या.

"उपास हाय ना?"

मी सासूबाईंच्या शब्दाचं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "मी बी हेच केलं. रमजान होता. बिमाराले माफ हाय, सारे सांगून राह्यले, मी कोनाचं नाई ऐकलं. दवाखान्यात चक्कर आली अन् सुई न लावताच वापस धाडलं. त्याच्या बाद जायले पाय उचलत नोहता माहा. खा ताई."

मला राग आला. कुणी यावं आणि मला माझ्या घरच्या देवाचं शिकवावं? मी म्हणाले, "शब्द त्यांनी देला हाय. मोडला अन् मले काई झालं, तं त्या जन्मभर सोताले दोष देतीन." हे खरंच होतं. माझा स्वतःचा देवीवर फारसा विश्वास नव्हता. पण म्हातारीला मी ओळखत होते.

आपा उठल्या, बाहेर जाऊन सुपारी थुंकून चूळ भरून आल्या.

"मंग तो उपास मले द्या."

"असा देता येते का?"

"तुमच्यात नाई धरत का? बिमाराचा उपास घरचं मानूस धरते."

"घरचं मानूस, आपा."

"रातभर माह्या रजईत झोपल्या ना?"

"देवीचा हाय तो."

"मालूम हाय. मी देवळात जाऊन नाई राह्यली. पानी नाई पेनार, बस. मले आदत हाय. तुमच्या घरी दिवा लागला का फोन करा, मंग सोडन."

मी भात खाल्ला. त्या ताटाकडे बघत बसल्या होत्या, त्यामुळे एक शीतही टाकता आलं नाही.

दवाखान्याचं काय सांगू? खुर्च्या, सलाइनचे स्टँड, खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड. उजव्या हाताची बाही सहज वर गेली. सुई टोचली तेव्हा फार दुखलं नाही. लाल औषध नळीतून हाताकडे यायला लागलं, तेव्हा मात्र मी आपांचं मनगट गच्च धरलं. त्या आपल्या कुणा गिऱ्हाइकिणीची गोष्ट सांगत होत्या. ती दर महिन्याला जाड होते आणि दोष शिलाईला देते. दुपारी सिस्टरने त्यांना चहा आणून दिला. त्यांनी हात जोडले.

"आज कसला रोजा, आपा?"

"हाय एक," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

संध्याकाळी यजमान शेजाऱ्यांची गाडी घेऊन न्यायला आले. आपा फाटकाशी उभ्या राहिल्या. मळमळत होतं, म्हणून मी नीट निरोपही घेतला नाही. परतीच्या वाटेवरचं मला काही आठवत नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या बाईने हे सांगू नये, पण रस्ताभर मी डोळे मिटून होते.

घरी देवापुढे दिवा लागलेला होता. सासूबाई उंबऱ्यात. "उपास झाला?"

खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं. मी कॉटवर पडून सगळं सांगितलं: भात खाल्ला, उपास दिला, कुणाला दिला. यजमान भिंतीकडे बघत राहिले. सासूबाई उंबऱ्यातून आत येऊन माझ्या कॉटपाशी बसल्या.

"थे अजून उपाशीच हाय?"

"हाव. तुमचा दिवा लागाची वाट पाह्यते."

"लाव फोन."

मी लावून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "मी इची सासू बोलतो. दिवा लागला व माय. सोड आता. पानी पे आधी." मग तिकडून काहीतरी बोलणं झालं. सासूबाई ऐकत होत्या. आणि एकदम त्यांनी विचारलं, "माही सून वाचन ना व?"

इतक्या दिवसांत आमच्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, एकमेकांना नाही. मीसुद्धा नाही. यजमान उठून अंगणात गेले. मी उत्तर ऐकायला मान उचलली, पण मला काही ऐकू आलं नाही. फक्त सासूबाईंचा चेहरा दिसत होता.

"हाव," त्या म्हणाल्या. "थे तं कोनाच्याच हातात नाई... हाव... दुसऱ्या सुईलेबी येशीन? बरं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पन तवाचा उपास माहा. तू जेऊन येजो. पोट भरून येजो, अन् माह्या सुनेजवळ बसजो."