शिरा रिकाम्या होईपर्यंत

सिनेमा संपला की लोक खुर्चीला काटे फुटल्यासारखे उठतात. नामावलीकाका उठत नसत. पडद्यावरची लांबलचक नामावली संपून दिव्यांच्या वायरी ओढणाऱ्याचंसुद्धा नाव येऊन जाईपर्यंत ते बसून राहत. झाडूवाला पायाशी येऊन खोकला, की मगच चपला शोधत. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. घरी वाट बघणारं कुणी नसलं, की माणसाला असले शौक परवडतात.

हीच खोड त्यांनी इस्पितळातही नेली होती. अँजिओग्राफीच्या खोलीत काचेमागे बसून यंत्राचं बटण धरायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. डॉक्टर जांघेतून बारीक नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांत काळा दिसणारा डाय सोडत आणि पडद्यावर एक काळं झाड उगवे. आधी बुंधा, मग फांद्या, मग शिरा, आणि शेवटी सगळं विरून जाई. बाकीचे टेक्निशियन फांद्या दिसल्या की बटण सोडत, आणि चित्रण तिथंच थांबे. काका शिरा रिकाम्या होईपर्यंत धरून ठेवत.

"काका, संपला पिक्चर. दिवे लागले," नर्स म्हणायची.

"थांब गं, वायरवाल्याचं नाव यायचंय अजून."

एका गुरुवारी मात्र काकांनी बटण लवकर सोडलं.

टेबलावर एक टेलरबाई होती. कोटाला काज करता करता डोकं धरून मशीनवरच कोसळलेली. मेंदूच्या देठापुढे रक्त साचलं होतं, ते कुठून आलं हे शोधायचं होतं. आणि दर गुरुवारी चार वाजता परदेशातली लेक काकांना फोन करी. चार वाजून पाच मिनिटांनी तिची मीटिंग असे. घड्याळात चारला मिनिट कमी होतं. फांद्या स्वच्छ दिसल्या. काकांनी बोट उचललं आणि जिन्यात गेले.

"बाबा, बीपीची गोळी घेतोस ना?"

"घेतो गं. तुझं कसं..."

"बरं, ठेवते हं. आज लवकर बोलावलंय."

पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं. काका फोन खिशात ठेवून जिन्यातच उभे राहिले, ठरलेली पाच मिनिटं तरी पुरी होऊ देत म्हणून.

चित्र कोरं निघालं, रक्त कुठून आलं ते कुठंच दिसलं नाही. चार दिवसांत टेलरबाई उशीला टेकून बसू लागली आणि नर्सच्या गणवेशाच्या शिवणीला नावं ठेवू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जागी रक्त आणि चित्र कोरं, म्हणजे बहुतेकांना पुन्हा काही होत नाही. उद्या घरी."

 ते चित्र काकांनी दहा वेळा लावून पाहिलं होतं. दहाही वेळा ते त्यांचं बोट उचललं गेलं तिथंच संपत होतं. मेंदूच्या देठात शिरणाऱ्या केसासारख्या वाहिन्यांवर क्वचित एखादा फुगा धरतो. तो भारी आळशी. सगळी पंगत उठली की हा जेवायला येणार. डाय त्यात उशिरा शिरतो आणि रेंगाळतो. तसा फुगा असला आणि बाई घरी जाऊन पुन्हा फुटला, तर ती वाचणं कठीण. काकांना मात्र कुणी बोल लावला नसता; इतर जण जिथं थांबतात तिथंच तर ते थांबले होते.

ते डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, टेलरबाईंचं चित्र परत काढायला हवं."

"कोरं आहे की."

"अपुरं आहे. मी बटण लवकर सोडलं."

"तुम्ही? तुम्हाला तर हाताला धरून उठवावं लागतं."

"फोन होता."

"महत्त्वाचा?"

काकांनी क्षणभर विचार केला. "हो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चित्र परत काढलं. फांद्या आल्या, गेल्या. शिरा फिकट झाल्या. आणि सगळं निघून गेल्यावर बुंध्यामागे मोहरीएवढा काळा ठिपका तसाच राहिला. 

"नळी इतक्या बारीक वाहिनीत सहजी जाणार नाही," डॉक्टरीणबाई टेलरबाईला म्हणाल्या. "शिवाय ती वाहिनी बुजली तर नजर, गिळणं, शुद्ध, काय जाईल सांगता येत नाही. असे फुगे कधी कधी आपणहून गोठून मिटतात. बीपी ताब्यात ठेवू, दहा दिवसांनी बघू. वाढला तर मात्र धोका पत्करून आत जावंच लागेल."

"विरलेल्या कापडाला मीही सुई लावत नाही," टेलरबाई म्हणाली. मग दाराशी घुटमळणाऱ्या काकांकडे पाहून, "मॅडम सांगत होत्या, ते घाईत उठलेले तुम्हीच ना?"

"हो."

"मग बसा आता."

काका बसले. रोज दुपारी डबा घेऊन खाटेशेजारच्या खुर्चीवर बसू लागले. तिलाही भेटायला येणारं कुणी नव्हतं. "ही कॉलर कुणी बसवली? शेजारच्याच्या मापाची दिसते," ती म्हणे, आणि काका मान वाकडी करून कॉलर बघत. बोलणं एवढंच. बाकी वेळ दोघं मिळून फुगा मिटायची वाट बघत.

दहावा दिवस गुरुवार निघाला, आणि वेळ नेमकी चारची. शिरा फिकट होत असताना खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. काकांचं बोट बटणावर होतं.

"झालं काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थोडं अजून."

पडदा पांढरा झाला. बुंध्यामागे काहीच उरलं नव्हतं.

जिन्यात जाऊन काकांनी लेकीला फोन लावला. उचलला नाही, निरोप आला, "मीटिंगमध्ये. गोळी घे."

आठवडाभराने टेलरबाई घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका सवयीने डबा घेऊन वॉर्डात शिरले. खाटेवर नवी चादर घातलेली होती. खुर्ची तिथंच होती, म्हणून बसले. डबा मांडीवर धरून बराच वेळ बसून राहिले.

झाडूवाला पायाशी येऊन खोकला.